डाव्या हाताचा तुंबा

कुळमणी महाराणांनी सकाळी दातण थुंकता थुंकताच सांगून टाकलं, "दुपारी जेवणं झाली की सगळे अंगणात बसा. मला बोलायचंय." आणि खांद्यावर गमछा टाकून ते रथ जिथं घडत होता त्या रथखळ्याकडे निघून गेले.

लावण्या चुलीपाशी होती. तिच्या हातातली फुंकणी हातातच राहिली. थोरल्या दिरांना काय बोलायचंय ते घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. त्यांचा मुलगा आर्तत्राण परवा कलकत्त्याहून येऊन उतरला होता, तो काही उगाच नव्हे.

रथाला पाच दिवस उरले होते. बालिझरीच्या जगन्नाथाचा रथ दरवर्षी नव्या लाकडातून उभा राहायचा, नऊ दिवस रस्त्यावर असायचा आणि मग मोडून देवाच्याच स्वयंपाकघरात चुलीत जायचा. सहा पिढ्या महाराणांचं घर हे काम करत आलं होतं आणि सहा पिढ्यांच्या कामाची राख झाली होती. मिळायचं ते एवढंच, की रथाच्या आदल्या दिवशी देवळाचे म्हातारे सेवेकरी मुख्य सुताराच्या डोक्याला केशरी शेला बांधायचे. तेवीस वर्षं तो कुळमणींच्या डोक्याला बांधला जात होता. पण आता त्यांचा उजवा हात थरथरायचा. सकाळी पखाळाचा, पाण्यातल्या शिळ्या भाताचा, वाडगा तोंडाशी नेईपर्यंत त्यातलं निम्मं पाणी छातीवर सांडायचं. यंदा शेल्याला दुसरं डोकं शोधायचं होतं आणि घराण्याची रीत सरळ होती, थोरल्यानंतर थोरल्याचा थोरला.

थोरल्याचा थोरला म्हणजे आर्तत्राण. कलकत्त्यात फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना खुर्च्या दाखवायचा. दहा वर्षांत त्यानं लाकूड तासायचा वाकस हातात धरला नव्हता.

लावण्यानं फुंकणी खाली ठेवली. नवरा पहाटेचं काम आटोपून अंगणात पाय धूत होता. ती तांब्या घेऊन त्याच्यापाशी गेली.

"आज तुम्ही बोलायचं," ती म्हणाली.

"काय बोलायचं?" खेत्रबासीनं विचारलं.

"जे आहे ते. चार वर्षं तुंबे कोण कोरतंय ते."

खेत्रबासी हसला. त्याच्या पापण्यांवर अजून भुसा होता. "मग तुंबा वाकडा ठेवायचा होता का?"

"वाकडा ठेवा असं कोण म्हणतंय? पण सरळ कुणी केला ते तरी..."

"सरळ झाला ना," तो म्हणाला आणि गमछ्यानं पाय पुसू लागला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. या माणसाशी भांडणं म्हणजे नदीला दगड मारण्यासारखं होतं. सव्वीस वर्षं ती मारत आली होती.

चाकाचा सगळा जीव मधल्या तुंब्यात असतो. त्या भरीव लाकडात आसासाठी भोक कोरायचं, आणि ते केसभर जरी तिरकं गेलं तरी चाक डुलतं. डुलणाऱ्या चाकाखाली माणसं येतात. म्हणून तुंबा कोरायचा तो मुख्य सुतारानंच. चार वर्षांपूर्वी, कुळमणींचा हात पहिल्यांदा बिघडला तेव्हा, त्यांनी दुपारभर कोरलेलं भोक खेत्रबासीनं संध्याकाळी बोटांनी चाचपून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं लावण्याला उठवलं. "कंदील धरायला चल. मला दोन्ही हात लागतील." बाकीचे सुतार गावोगावाहून उन्हं आल्यावर यायचे. तोवर भोक सरळ झालेलं असायचं आणि वर गोणपाट पूर्ववत घातलेलं असायचं. दुपारी कुळमणी पुन्हा कोरायला बसायचे, पहाटे खेत्रबासी पुन्हा नीट करायचा. असे दर वर्षी चार तुंबे.

आणि ते तो डाव्या हातानं करायचा. ही त्यातली खरी चोरटी गोष्ट. रथखळ्यात डाव्या हाताचा घाव चालत नाही. लहानपणी त्याच्या बापानं, दीनबंधूंनी, त्याचा डावा हात गमछ्यानं कमरेला बांधून त्याला उजव्या हातानं काम शिकवलं होतं. दिवसा लोकांसमोर तो उजव्या हातानं तासायचा आणि लोक म्हणायचे, खेत्रा मेहनती आहे, पण थोरल्याची सर नाही. पहाटे त्याचा डावा हात मोकळा सुटला की लाकूड लोण्यासारखं वाट द्यायचं. ते पाहणारी जगात एकटी लावण्या होती. तिला एखाद्या मोठ्या गवयाचं गाणं एकटीनंच ऐकावं तसं व्हायचं. असा माणूस आपला नवरा आहे या अभिमानानं तिचा ऊर भरून यायचा आणि त्याच अभिमानाच्या पोटी रागही यायचा.

गेल्या वर्षी शेला बांधला तेव्हा शंख वाजले, बायकांनी तोंडानं हुळहुळीचा मंगलनाद केला आणि कुणीतरी ओरडलं, "कुळमणींचा हात म्हणजे देवाचा हात!" लावण्यानं तेव्हा नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल, निदान एकदा तरी, असं तिला वाटत होतं. तो चाकाखाली उपडा पडून खुंटी घट्ट आहे का ते बघत होता. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पण बोलणार कशी? थोरल्या दिराशी भावजयीनं बोलायचं नाही ही तिकडची रीत. सव्वीस वर्षांत कुळमणींना तिचा चेहरा दिसला नव्हता, की तिनं एक शब्द त्यांना उद्देशून उच्चारला नव्हता. ते दारात खाकरले की हिनं पदर ओढून आत व्हायचं. काही सांगायचंच असेल तर ते भिंतीला नाहीतर मुलीला सांगायचं. भिंतीला काही धड सांगता येत नाही. लावण्यानं लेकीला, झिलीला, हाक मारली.

---

दुपारी डाळमा-भात झाला. अक्षय्य तृतीयेला रथाचं काम सुरू झालं तेव्हापासून घरात मासा शिजत नव्हता.

"दोन महिने माशाशिवाय!" आर्तत्राण पोटावरून हात फिरवत म्हणाला. "कलकत्त्यात कुणाला सांगितलं तर माझ्यासाठी वर्गणी काढतील."

"काढू देत," पिउसी म्हणाली. "तेवढ्यात तुझ्या ओठांवरची ती मिशी भादरून घे. झुरळ बसल्यासारखं वाटतंय."

पिउसी म्हणजे कुळमणी-खेत्रबासींची आत्या. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आता ऐंशीच्या घरातली. डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेला धार. गुडघे वाकत नव्हते म्हणून देवळानं दोन वर्षांपूर्वीच्या रथाचा एक तुंबा चुलीत न घालता तिला बसायला दिला होता. सगळे अंगणात चटयांवर आणि पिउसी मधोमध तुंब्यावर, अशी बैठक बसली. लावण्या दाराच्या आत, चौकटीला टेकून उभी राहिली. झिली उंबऱ्यावर.

कुळमणींनी घसा साफ केला. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता.

"हे माझं शेवटचं वर्ष," ते म्हणाले. "तीन चाकं झाली. चौथ्याचा तुंबा राहिलाय. तो झाला की मी मोकळा. सेवेकऱ्यांनी विचारलंय, शेला कुणाला."

"विचारायचं काय त्यात?" त्यांची बायको तिलोत्तमा लगेच म्हणाली. "रीत आहे ना."

"बापा, मी लोभानं आलो असं कुणाला वाटायला नको," आर्तत्राण म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता, फक्त बोलताना दुकानात उभा असल्यासारखा वाटायचा. "मी भुवनेश्वरात आपल्या घराण्याच्या नावानं कारखाना काढणार आहे. लहान लहान रथ, घरात ठेवायचे. मुख्य महाराणाचा शेला डोक्याला असला तर लोक विश्वास ठेवतील. काका आहेतच इथलं काम बघायला. मी दरवर्षी तीन महिने येईन."

"येईल," तिलोत्तमा म्हणाली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तीन महिने तरी घरात येईल माझा मुलगा."

लावण्याला क्षणभर तिची कीव आली. दहा वर्षं ही बाई पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकत आली होती. पण कीव कीवेच्या जागी. तिनं झिलीच्या पाठीत बोट खुपसलं.

"झिली, तुझ्या बडबापांना विचार, शेला बांधायचा तो काम करणाऱ्याला की खुर्च्या दाखवणाऱ्याला?"

झिलीनं आईकडे मान वळवली. "बोऊ, सगळ्यांना ऐकू गेलंय."

"तू विचार म्हटलं ना!"

"बडबापा," झिली कंटाळून म्हणाली, "बोऊ विचारतेय, शेला काम करणाऱ्याला की..."

"ऐकलं," कुळमणी म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते.

तिलोत्तमानं दाराकडे तोंड केलं. "भागवतघरात रोज संध्याकाळी पोथी ऐकतेस ना गं? फळाची आशा धरू नये म्हणून? का नुसते चणे खायला जातेस?"

"अपा," लावण्या आतून म्हणाली, थोरल्या जावेशी बोलायला तिला बंदी नव्हती, "फळाची आशा धरू नये हे नेहमी ज्याच्या ताटात फळ पडलंय तोच सांगतो."

पिउसी फस्सकन हसली. आर्तत्राणही हसला आणि आईची नजर पाहून गप्प झाला.

"काय ते स्पष्ट बोल," तिलोत्तमा म्हणाली.

आता नाही तर कधीच नाही, हे लावण्याला कळत होतं. आज शेला आर्तूच्या नावाचा ठरला की पुढची तीस वर्षं तिथंच राहणार होता. भावासाठी पहाटे उठणारा माणूस मग पुतण्यासाठी उठणार होता.

"झिली, सांग त्यांना. चार वर्षं तुंबे तुझे बाबा कोरतायत. रोज पहाटे."

झिलीला सांगावं लागलंच नाही.

"काका?" आर्तत्राण म्हणाला.

खेत्रबासीनं बायको ज्या दाराआड होती तिकडे पाहिलं. रागानं नव्हे, तिच्या हातून भांडं पडलं असतं तर बघितलं असतं तसं. मग थोरल्या भावाकडे बोट करून तो शांतपणे म्हणाला, "छे! नानांनीच कोरलेत. मी पहाटे जातो तो भुसा झाडायला. हिला अंधारात काय दिसणार?"

सव्वीस वर्षांत या माणसाच्या तोंडून लावण्यानं खोटं ऐकलं नव्हतं. पहिलंच बोलला आणि तेही भर बैठकीत तिलाच खोटं पाडणारं. तिनं चौकट घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पदराला पुसायचंही तिला सुचलं नाही.

"झालं?" तिलोत्तमा म्हणाली. "नवराच म्हणतोय..."

"मला उठवा," पिउसी म्हणाली.

दोघा भावांनी तिला धरून उभं केलं. तिनं काठीनं तुंबा ढकलून आडवा पाडला. तो अर्धं वर्तुळ फिरून आर्तत्राणच्या पायाशी थांबला.

"आर्तू, आत हात घाल. भोकात. घाव वाचून दाखव. तुझा बाप पाचव्या वर्षी वाचायचा."

आर्तत्राणनं हात घातला, फिरवला, काढला, पुन्हा घातला. त्याच्या कपाळावर घाम आला. "गुळगुळीत आहे," तो म्हणाला.

"ते तान्ह्या बाळाच्या गालालाही म्हणशील. कुठल्या बाजूनं घाव आलेत?"

"मला नाही कळत, पिउसी," शेवटी आर्तत्राण म्हणाला. हे कबूल करताना त्याचा दुकानातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"झिली, तू."

झिली उंबऱ्यावरून उठली. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. मग तिनं बापाकडे पाहिलं.

"सांग," पिउसी म्हणाली. "सुताराची पोर आहेस. लाकूड जे म्हणतं ते सांगायचं."

"डाव्या हाताचे आहेत," झिली म्हणाली. "सगळे."

"अगं बाई!" तिलोत्तमा उभीच राहिली. "डावा हात? देवाच्या रथाला? चार वर्षं?"

"दोन वर्षं मी त्याच्यावर बसतेय," पिउसी म्हणाली. "पहिल्याच दिवशी हात फिरवला होता. असं भोक माझ्या बापालाही साधलं नसतं. आणि डावा-उजवा काय करतेस गं? ज्या देवाला स्वतःलाच हाताचे पंजे नाहीत, तो तुझ्या नवऱ्याचे आणि दिराचे हात मोजत बसणार आहे का?"

तिलोत्तमानं हात जोडून देवळाच्या दिशेला नमस्कार केला आणि खाली बसली.

तेवढ्यात कुळमणी हसू लागले. आधी वाटलं, खोकतायत. मग दिसलं की हसतायत आणि गालावरून पाणी वाहतंय.

"खेत्रा," ते म्हणाले, "खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला. भुसा झाडायला! अरे, मला ठाऊक होतं."

खेत्रबासीनं मान वर केली. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला.

"पहिल्या वर्षी," कुळमणी सांगू लागले, "मी भोक वाकडं केलं. कळलं होतं मला. घरी येऊन पडलो, वाटलं, उद्या सगळ्यांसमोर कबूल करायचं. सकाळी जाऊन बघतो तर सरळ! मी तिथंच लोटांगण घातलं. म्हटलं, देवानं माझी लाज राखली. उठताना बघितलं तर ढलप्या उलट्या बाजूला पडलेल्या. देवाला हात फुटतील एक वेळ, पण फुटले तर दोन्ही फुटतील, नुसता डावा कसा फुटेल?" ते पुन्हा हसले. "तेव्हाच बोलायला हवं होतं. लाज वाटली. दुसऱ्या वर्षी लाज कमी वाटली. तिसऱ्या वर्षी तर मी दुपारी निवांत कोरायचो, म्हणायचो, चुकलं तर खेत्रा आहे. हे माझं पाप आहे, त्याला दुसरं नाव नाही. दर वर्षी शेला बांधताना मी याच्या तोंडाकडे बघायचो. म्हणायचो, आता तरी याच्या डोळ्यांत काही दिसेल. राग दिसला असता तर मी तिथंच शेला उतरवला असता. पण हा कुठं बघायचा? चाकाखाली!"

दाराआड लावण्या थक्क होऊन ऐकत होती. त्या एकाच चेहऱ्याकडे, एकाच क्षणी, त्या दोघांनी पाहिलं होतं. दोघांनाही तिथं तेच दिसलं होतं, म्हणजे काहीच नाही.

"काय चाललं होतं रे तुझ्या मनात?" कुळमणींनी विचारलं.

खेत्रबासी अवघडला. बोलायचं म्हटलं की त्याची ही अशीच गत व्हायची. "मनात काय असायचं, नाना? खुंटी." मग सगळे बघतायत म्हणून तो आणखी म्हणाला, "बापा म्हणायचे ना, काम हातात आहे तोवर आपलं, हातातून सुटलं की त्याचं. मला पहाटे दोन घटका डावा हात मोकळा मिळायचा. तेवढ्यासाठी मी रात्रभर वाट बघायचो. याहून काय मिळायचं असतं?"

अशी माणसं पोथीत असतात असं लोक म्हणतात, पण पोथीतली माणसं निदान दोन श्लोक तरी बोलतात. हा गमछ्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला होता.

"शेला तुला," कुळमणी म्हणाले. "सेवेकऱ्यांना मी जाऊन सांगतो. डाव्या हाताचंही सांगतो."

"सांग," पिउसी म्हणाली. "काही कुरकुर केली तर म्हणावं, लहानपणी माझ्या झाडाचे आंबे कुठल्या हातानं पाडायचात ते पिउसीला आठवतंय."

"नको, नाना," खेत्रबासी म्हणाला. "आर्तूलाच बांधा. मी काम करीन की. भाऊजलाही बरं वाटेल, मुलगा घरी येईल. मला खरंच नको."

आणि तेव्हा लावण्या उंबरा ओलांडून बाहेर आली.

नाकापर्यंत पदर होता. झिलीला वाटलं, आई आपल्याला काही सांगायला येतेय. पण ती झिलीला ओलांडून पुढं गेली आणि कुळमणींसमोर चार हातांवर थांबली. तिलोत्तमाचा हात तोंडावर गेला. खेत्रबासी अर्धवट उठला.

"त्यांना विचारू नका," लावण्या थेट कुळमणींना म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "विचारलंत तर ते नकोच म्हणणार. सव्वीस वर्षं मी बघतेय, मिठाचा दुसरा खडासुद्धा मागत नाहीत. त्यांनी मागितलं नाही, ते त्यांचं मोठेपण. पण देवाच्या दारातून जे चालत आलंय ते हातानं लोटणं, हेसुद्धा हातात धरण्यासारखंच झालं ना? मिळावं म्हणून करू नये. मग मिळू नये म्हणून तरी का धडपडायचं? बांधलं तर बांधून घ्यावं. सुटलं तर सुटू द्यावं. काल प्रसाद म्हणून नारळाचा तुकडा दिला तो खाल्लाच ना त्यांनी? हाही तसाच."

बोलून झाल्यावर आपण काय केलं ते तिला कळलं. पण मागे फिरायची वाट आता नव्हती.

खेत्रबासी तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे मला सुचलं नव्हतं." थोडा विचार करून तो खाली बसला. "बरं. बांधा. पण खुंट्या तपासून झाल्यावर."

आर्तत्राण त्याच्याजवळ सरकला. "काका, उद्या पहाटे मला उठवाल?"

"उठवीन. तिथं बोलायचं नाही पण. मिशीसकट चालेल."

सगळे हसले. तिलोत्तमासुद्धा हसली, रडत रडत. शेला नव्हे, मुलगा हवा होता तिला, आणि तो मिळण्याची तिला आता खरी खूण दिसली होती. वाकस धरणारा हात कलकत्त्याला फार दिवस राहत नाही.

लावण्या आत जायला वळली, तोच मागून आवाज आला.

"बोहू."

सव्वीस वर्षांत कुळमणींनी तिला पहिल्यांदा हाक मारली होती, सूनबाई म्हणून. ते अजूनही जमिनीकडेच बघत होते.

"चार वर्षं रथखळ्याच्या भुशात दोन माणसांची पावलं उमटायची. एक याची. दुसरी लहान, बोटांत जोडवी. एकाच जागी तासन्‌तास उभी राहिलेली. पावलं रुतलेली असायची." ते थांबले. "याच्या डोक्याला शेला बांधू. कंदील धरणारीला काय बांधायचं, ते मला चार वर्षं सुचलेलं नाही."

नवऱ्याच्या प्रत्येक पहाटेचा हिशोब लावण्यानं मनात ठेवला होता. पण त्या पहाटे आपणही जागलो होतो, आपलेही हात भरून आले होते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते काम होतं असं तिला वाटलंच नव्हतं. उजेड हवा होता, म्हणून तिनं धरला होता.

"भांडी पडलीत," असं काहीतरी पुटपुटून ती आत गेली आणि चुलीसमोर बसून भरपूर रडली.

---

दुसऱ्या दिवशी पहाटे पाखरं बोलायच्या आधी चौथा तुंबा गोणपाटातून निघाला. आर्तत्राण जांभया देत, डावीकडे पडणाऱ्या ढलप्या उचलून बघत बसला होता. खेत्रबासीनं दोन्ही तळवे लाकडावर टेकले, डोळे मिटले आणि डाव्या हातात पटाशी घेतली. आता ती चोरून घ्यायची नव्हती, तरी त्यानं ती तशीच घेतली. लावण्यानं कंदील वर धरला.

मागे कुणीतरी खाकरलं. कुळमणी. तिनं सवयीनं पदर ओढला आणि बाजूला झाली.

"बोहू, कंदील खाली ठेव," ते म्हणाले.

हातातून हातात देणं रीतीत बसत नव्हतं. तिनं कंदील भुशावर ठेवला आणि मागं सरली. कुळमणी वाकले आणि त्यांनी तो उजव्या हातानं उचलला.

उजेड लागलीच हलू लागला. तुंब्यावर, खेत्रबासीच्या खांद्यावर, अर्ध्या उभ्या रथाच्या खांबांवर तो थरथरत फिरत होता. लावण्याचा हात नकळत पुढं झाला, पण तिनं तो मागं घेतला.

"नाना, उजेड हलतोय," खेत्रबासी मान वर न करता म्हणाला.

"हलू दे. हलत्या उजेडात सरळ कोर."

खेत्रबासी हसला आणि पहिला घाव घातला. लावण्या भुशात खाली बसली. चार वर्षांत त्या जागी ती पहिल्यांदाच बसत होती. पायांना फार बरं वाटलं.